मुखपृष्ठ दोनदा पाहावे

मुखपृष्ठावरून पुस्तकाची परीक्षा करू नये, असे आपण मुलांना शिकवितो. मीही शिकवितो. परंतु खुद्द मुखपृष्ठाची परीक्षा कशी करावी, हे मात्र आपणांस कोणी शिकविलेले नसते. त्यातून ते प्रणयकादंबरीचे असले, तर त्याकडे निरखून पाहणेदेखील पोक्त माणसास शोभत नाही, असा आपला समज असतो.

या समजापायी माझ्या हातून एक चूक घडली. शाळेच्या ग्रंथालयाचे काम माझ्याकडे नवे आले, तेव्हा जुन्या कादंबऱ्यांचा एक गठ्ठा मी बाइंडरकडे धाडला आणि जीर्ण मुखपृष्ठे काढून टाकावयास सांगितले. पुस्तके करड्या पुठ्ठ्यांत परत आली. पुढे, निवृत्त झालेल्या एक वृद्ध शिक्षिका त्यांतील एक कादंबरी मागावयास आल्या. नाव त्यांना आठवत नव्हते. खिडकीशी पाठमोरी उभी असलेली, निळ्या पातळातील स्त्री तेवढी आठवत होती. ते चित्र मी पाहिले होते, म्हणून पुस्तक ओळखून काढून दिले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि एवढेच विचारले, "सर, हिचं चित्र कुठं गेलं?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

मराठी कादंबरीची मुखपृष्ठे ज्यांनी घरोघर ओळखीची केली, त्यांत दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर ही नावे अग्रगण्य होत. आणि हे दोघेही गोव्याचे सुपुत्र. दलालांचा जन्म १९१६ साली मडगावी झाला. १९४५ साली त्यांनी 'दीपावली' हा अंक सुरू केला; १९७१ साली ते निवर्तले. मुळगावकर बार्देशातील अस्नोड्याचे. त्यांचे निधन १९७६ साली झाले. दलालांचे बळ रेषेत आणि सपाट, ठाम रंगांत. मुळगावकरांचे तुषारासारख्या फवारलेल्या मृदू छटांत.

ही चित्रे पारखताना त्या काळचे मुद्रण ध्यानात घ्यावे. प्रत्येक रंगास स्वतंत्र ठसा लागे आणि प्रत्येक ठशास स्वतंत्र खर्च. प्रकाशक दोन-तीन रंगांतच भागवू पाही. मग चित्रकार कागदाचा पांढरेपणा हाच एक रंग मानी आणि त्यातून चांदणे काढी. पिवळ्यावर निळा छापून हिरवा मिळवी. तेव्हा पहिली कसोटी ही, की थोडक्या साधनांत किती साधले? दुसरी अक्षरांची. पुस्तकाचे नाव चित्रात सामावले आहे, की बाटलीवर चिकटविलेल्या चिठ्ठीसारखे उपरे दिसते?

तिसरी कसोटी मात्र पुस्तक वाचून संपल्याखेरीज लावता येत नाही. त्या निळ्या पातळातील स्त्रीच्या हाती एक पाकीट होते. प्रथमदर्शनी वाटे, प्रियकराचे पत्र आले असावे. शेवटचे पान मिटल्यावर कळे, की ते तिनेच लिहिलेले आणि कधीच टपालात न टाकलेले पत्र आहे. ती पाठमोरी का, हेही तेव्हाच उमगे. चित्रकाराने कादंबरी शेवटपर्यंत वाचली होती! याउलट, त्याच गठ्ठ्यातील दुसऱ्या एका कादंबरीची नायिका रात्रंदिवस शिवणयंत्र चालवून घर पोसते. मुखपृष्ठावरील तरुणी मात्र बागेत बसून गुलाब हुंगते. रेखाटन या दुसऱ्याचे अधिक सफाईदार होते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ते चित्र कोणत्याही पुस्तकास चालले असते. देखणे मुखपृष्ठ आणि चांगले मुखपृष्ठ यांत अंतर आहे, ते हे.

म्हणून माझे सांगणे इतकेच, की मुखपृष्ठ दोनदा पाहावे: एकदा वाचण्यापूर्वी आणि एकदा वाचून झाल्यावर. पहिल्या वेळी ते आपणांस वचन देते. ते पाळले गेले की नाही, हे दुसऱ्या वेळी कळते.

आणि आपल्या घरी, वाचनालयात अशी जुनी पुस्तके असतील, तर बांधणीस देण्यापूर्वी मुखपृष्ठ अलगद सोडवून नव्या पुठ्ठ्याच्या आतील बाजूस चिकटवून घ्यावे. कडा फाटल्या असल्या तरी चालेल. आता मी बाइंडरला तसे लिहूनच देतो. त्या खिडकीतल्या स्त्रीला मात्र याचा काही उपयोग झाला नाही.