घरातील पहिले उष्णजलकुंड

ऊन पाण्याने अंग शेकून घेण्याची हौस मराठी घराला नवीन नाही. तांब्याचा बंब, त्याच्या पोटात धुमसणारे निखारे, शेजारी घासूनपुसून लखलखीत केलेले घंगाळ आणि त्यात विसण घालून सोसवेलसे केलेले पाणी, हा थाट दोन-तीन पिढ्यांपूर्वी वसईच्या वाड्यांतून आणि मुंबईच्या बिऱ्हाडांतून सारखाच दिसे. नवीन आहे ती पाणी अंगावर घेण्याऐवजी पाण्यात जाऊन बसण्याची, आणि तेही चौघांनी मिळून बसण्याची कल्पना. बाजारात ‘हॉट टब’ या नावाने मिळणारे हे कुंड आता वसई-विरारच्या बंगल्यांत आणि गच्च्यांवर येऊ पाहत आहे. विकणारा त्याचा रंग दाखवितो, आसने दाखवितो, पाण्याचे फवारे सोडून दाखवितो. ज्या चार गोष्टींवर खरेदीचे यश अवलंबून आहे, त्या मात्र दुकानात दिसत नाहीत. भार, पाणी, उष्णता आणि स्वच्छता या त्या गोष्टी होत.

पैसे मोजण्यापूर्वी वसईकराने एक दिवस तानसा नदीच्या काठी घालवावा. विरार स्थानकापासून सुमारे तीस किलोमीटरवर वज्रेश्वरी आहे. वसईची मोहीम फत्ते व्हावी म्हणून चिमाजी अप्पांनी या देवीला नवस केला आणि १७३९ च्या मे महिन्यात किल्ला हाती आल्यावर मंदिर उभे राहिले, अशी परंपरा आहे. मंदिराचा दर्शनी भाग किल्ल्याच्या धर्तीचा आहे तो यामुळेच, असे भाविक सांगतात. त्या मंदिराच्या परिसरात, अकलोलीस आणि गणेशपुरीस, गंधकाच्या वासाचे उष्ण पाणी जमिनीतून आपोआप वर येते. पालघर जिल्ह्यातही सातिवली, हालोली, कोकनेर येथे असे झरे आहेत. तेथे जाताना खिशात साधा तापमापक ठेवावा. कुंडाकुंडांतील पाण्याची उष्णता सारखी नसते. जे कुंड पायाला चटका देते त्यात कोणी बसू नये. जे सोसते त्यात पंधरा मिनिटे बसून पाहावे. घरातील कुंडाची उष्णता ४० अंश सेल्सियसच्या वर कधीच जाऊ देऊ नये, असा सर्वमान्य दंडक आहे. तेवढ्या पाण्यात, कोकणच्या दमट हवेत, आपल्याला खरोखर सुख वाटते की दहा मिनिटांतच जीव कासावीस होतो, हे कळण्यास याहून स्वस्त उपाय नाही. कित्येकांचा बेत येथेच बदलेल, आणि त्यात वावगे काही नाही. एप्रिल-मे महिन्यांत वसईत अशा कुंडाकडे कोणी फिरकणार नाही. त्याचा खरा काळ म्हणजे पावसाळ्याच्या गार संध्याकाळी आणि कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस.

या वस्तूची आजची घडण अमेरिकेतील आहे. इटलीतून जाऊन कॅलिफोर्नियात स्थायिक झालेले जाकूझी बंधू पंप तयार करीत असत. घराण्यातील एका मुलाला संधिवाताने ग्रासले, तेव्हा त्याच्यासाठी न्हाणीच्या टबात पाणी घुसळणारा पंप त्यांनी बनविला. १९५६ च्या सुमारास तो बाजारात आला आणि १९६८ मध्ये पंप पोटातच असलेला टब निघाला. म्हणजे या चैनीच्या वस्तूचा उगम एका दुखणाईत मुलाच्या आरामात आहे. जपानी लोकांचे ‘ओफुरो’ हे खोल कुंड याहून पुष्कळ जुने. त्यांचा नियम असा की, आधी बाहेर बसून साबण लावून स्वच्छ स्नान करावयाचे आणि मग कुंडात उतरावयाचे. दुसऱ्याच्या अंगावरून आलेल्या पाण्यात बसणे आपल्या आजीला ओंगळ वाटे; जपानी आजीलाही तसेच वाटत असले पाहिजे. तिने त्यावर तोड काढली एवढेच.

आता भाराचा विचार. चार माणसे बसतील असे, दोन मीटर लांब व दोन मीटर रुंद, एक साधारण कुंड घ्यावे. त्यात सुमारे १,००० लिटर पाणी मावते, आणि हजार लिटर पाणी म्हणजे एक मेट्रिक टन. रिकामे भांडे अडीचशे किलोंचे धरले आणि चार माणसांचे मिळून दोनशे साठ किलो धरले, तर एकूण भार १,५०० किलोंच्या वर जातो. तो चार चौरस मीटरांवर पसरला तरी दर चौरस मीटरास पावणेचारशे किलो पडतात. भारतीय मानकाप्रमाणे राहत्या खोलीची जमीन दर चौरस मीटरास सुमारे २०० किलो, सज्जा सुमारे ३०० किलो आणि वर्दळीची गच्ची अवघी १५० किलो वापराचा भार धरून आखलेली असते. गच्ची सर्वांत वर, उघडी व मोकळी, म्हणून ती सर्वांत बळकट असा पुष्कळांचा समज आहे. तो नेमका उलटा आहे.

लहान कुंड घेतल्याने ही अडचण सुटते असेही नाही. पाण्याच्या दर दहा सेंटिमीटर खोलीमागे चौरस मीटरास शंभर किलो भार येतो. साठ सेंटिमीटर खोलीचे दोघांपुरते जपानी धर्तीचे कुंड एकंदरीत हलके खरे, पण ज्या जागेवर ते बसते त्या जागेवर ते सहाशे किलोंनी दाबते. वसई-विरारमध्ये हा हिशेब कागदावरचा राहत नाही. २०२५ च्या ऑगस्टअखेर विरार पूर्वेस मध्यरात्रीच्या सुमारास एक अनधिकृत चारमजली इमारत शेजारच्या चाळीवर कोसळली आणि सतरा माणसे दगावली. त्या ठिकाणी कुंड नव्हते, इमारतच कच्ची होती. परंतु ज्या शहरात इमारतीचे आराखडे कोणी तपासले आणि सळई किती घातली, याची खात्री अनेक रहिवाशांना देता येत नाही, तेथे गच्चीवर दीड टन चढविण्याचा निर्णय घरमालकाने एकट्याने घेऊ नये. बांधकामाच्या भारशास्त्राचा जाणकार अभियंता बोलावावा, त्याचा लेखी अभिप्राय घ्यावा आणि तो गृहनिर्माण संस्थेपुढे ठेवून तिची संमती मिळवावी. खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडालाही या बाबतीत बोलण्याचा अधिकार आहे. छत त्यांचेच आहे. ‘पुष्कळ गच्च्यांवर बसविले आहेत’ हे विक्रेत्याचे वाक्य अभिप्राय म्हणून धरता येत नाही.

ज्यांचे घर भुईगाव, निर्मळ, गास, आगाशी अशा पश्चिमपट्टीत, वाडीला लागून आहे, त्यांची या चिंतेतून सुटका होते. जमिनीवर चांगली ठोकलेली भर आणि तीवर दहा-बारा सेंटिमीटरांचा सळईयुक्त काँक्रीटचा सपाट ओटा एवढे पुरे. पण ओट्याची उंची ठरविताना २०१८ चा जुलै आठवावा. त्या पावसात नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, वसईच्या मिठागरात माणसे अडकली आणि कित्येक वस्त्यांतील वीज बंद ठेवावी लागली. कुंडाची मोटर आणि तापविण्याची यंत्रणा त्याच्या तळाशीच असते. आपल्या अंगणात त्या वेळी पाणी कोठवर आले होते, याची खूण भिंतीवर शोधावी आणि ओटा तीवर न्यावा. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत साध्या लोखंडाचे खिळे-पट्ट्या दोन पावसाळेही काढीत नाहीत, म्हणून धातूचे भाग कोणत्या प्रतीच्या पोलादाचे आहेत हेही विचारावे.

पाण्याविषयी या शहरात बोलणे नाजूक आहे. सूर्या नदीवरील धामणी धरण हा त्याचा मोठा आधार. उसगाव व पेल्हार हे लहान आधार. सूर्या प्रादेशिक योजनेचे पाणी २०२३ नंतर येऊ लागले, तरी टँकरची वाट पाहणारे जिने येथे सर्वांच्या ओळखीचे आहेत. शहरी माणसामागे दररोज १३५ लिटर हे आपल्याकडे प्रमाण मानले जाते. एक कुंड भरणे म्हणजे सात माणसांच्या एका दिवसाच्या वाट्याहून अधिक पाणी एकदम घेणे होय. ऐकताच हा उधळेपणा वाटेल. तथापि हिशेब पुढे न्यावा. न्हाणीघरातील साध्या लांबट टबात दर वेळी दोनशे लिटर लागतात आणि ते लगेच मोरीत जातात. आठवड्यातून तीनदा तो भरला, तर दोन महिन्यांत पाच हजार लिटर होतात. उष्णजलकुंडाचे पाणी गाळून व शुद्ध करून तेच पुनःपुन्हा वापरावयाचे असते. वापराप्रमाणे दीड ते तीन महिन्यांनी ते बदलले की झाले. तेव्हा पाण्याच्या बाबतीत दोष कुंडाचा नव्हे, ते नीट न राखणाऱ्याचा. आळशी गृहस्थ दर आठवड्यास हिरवट झालेले हजार लिटर ओतून देईल आणि पुन्हा टँकर मागवील. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी पुष्कळदा मचूळ आणि क्षारयुक्त असते. ते भरल्यास तापविण्याच्या कांडीवर पांढरी पुटे चढतात. पाण्याचा जडपणा आधी तपासून घ्यावा.

काढलेले पाणी कोठे सोडावयाचे, हा प्रश्न दुकानात कोणी काढीत नाही. वसईच्या वाड्यांतून शिंपण्यासाठी खणलेली बावखले आजही काही गावांनी जपली आहेत. त्यांत क्लोरीनचे पाणी सोडणे म्हणजे मासे मारणे होय. औषध घालणे थांबवून, झाकण उघडे ठेवून, काही दिवसांनी पट्टीने पाहावे; क्लोरीन उरला नाही अशी खात्री झाल्यावरच ते पाणी अंगण धुण्यास वापरावे.

विजेचा हिशेब सोपा आहे. हजार लिटर पाणी २७ अंशांवरून ३९ अंशांवर नेण्यास सुमारे चौदा युनिटे लागतात. तीन किलोवॅटची कांडी असल्यास पावणेपाच तास, वाया जाणारी उष्णता वेगळी. म्हणून चांगल्या कुंडाचे अर्धे मोल त्याच्या झाकणात आहे. जाड, घट्ट बसणारे आणि कुलूप लागणारे झाकण ऊब राखते आणि रांगत्या मुलाला पाण्यापासून दूर ठेवते. वीजजोडणी वेगळी, अर्थिंग पक्के, आणि गळतीचा प्रवाह तत्काळ तोडणारी आर.सी.सी.बी. बसविलेली असलीच पाहिजे. ओल्या अंगाला विजेचा धक्का जिवावर बेततो. त्याचप्रमाणे पाणी ओढून घेणाऱ्या तोंडावरील जाळी पाहावी. अमेरिकेत २००२ मध्ये एक सात वर्षांची मुलगी कुंडातील अशा तोंडाच्या ओढीला चिकटून राहिली व बुडून मरण पावली. त्यानंतर २००७ मध्ये तेथे या जाळीसंबंधी कायदाच झाला. जाळी फुटकी असेल तर कुंड त्याच क्षणी बंद करावे. लांब केस मोकळे सोडून आत बसू नये.

स्वच्छतेत चालढकल झाली तर हेच कुंड आजाराचे घर होते. कोमट पाणी जंतूंना फार मानवते. १९७६ मधील फिलाडेल्फियाच्या साथीनंतर प्रथम ओळखला गेलेला लीजनेला जंतू २५ ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतो आणि फवाऱ्याच्या तुषारांवाटे फुप्फुसात शिरून न्यूमोनिया करतो. दुसरा एक जंतू अंगावर पुरळ उठवितो. म्हणून पाण्यात मुक्त क्लोरीन दहा लाख भागांत निदान तीन भाग असावा आणि पाण्याचा सामू ७ ते ७.८ या मर्यादेत राहावा. दोन्ही गोष्टी कागदी पट्टी बुडवून एका मिनिटात कळतात. दिवाळीच्या पहाटे तेल-उटणे लावून थेट कुंडात उतरण्याचा मोह घरातील मंडळींना होईल. तो आवरावा, कारण तेलाने गाळणी तुंबते आणि क्लोरीन खर्ची पडतो. अभ्यंग मोरीतच शोभते. गर्भवती स्त्रिया, हृद्रोगी आणि रक्तदाबाचे रोगी यांनी वैद्याला विचारल्यावाचून आत बसू नये. पाच वर्षांखालील मुलांना नेऊ नये. मद्य घेऊन तर कोणीच उतरू नये. निरोगी माणसालाही पंधरा-वीस मिनिटे पुरेत.

राहता राहिली निवड. फुगवून उभारावयाचे कुंड स्वस्त असते आणि नको झाल्यास घडी घालून माळ्यावर टाकता येते. त्याची मोटर दुबळी, पाणी तापविण्याचा वेग मंद आणि आयुष्य थोडे. ॲक्रिलिकचे तयार कुंड काही लक्ष रुपयांचे, पण राखले तर पुष्कळ वर्षे टिकते. लाकडी कुंड दिसते देखणे. वसईच्या वाळवीपुढे आणि चार महिन्यांच्या पावसापुढे त्याची निगा राखणे मात्र सामान्य घराला झेपणारे नाही. ज्यांनी पूर्वी कधी कुंड बाळगलेले नाही, त्यांनी जमिनीवर जागा असल्यास पहिली दोन वर्षे फुगवण्याचेच घ्यावे. या दोन वर्षांत कळेल की, कुंडात किती जण किती वेळा बसतात आणि पट्टी कोण बुडवितो. बहुतेक घरांत पहिल्या महिन्यात चौघे बसतात आणि सहाव्या महिन्यात एकटी आजी, गुडघे शेकीत. तसे झाले तर मोठ्या कुंडाचा विचार सोडून तिच्यापुरते लहान, कडेने धरावयास दांडी असलेले आणि पायरीने उतरता येईल असे कुंड तळमजल्यावर बसवावे.

महाग कुंड घ्यावयाचेच ठरले, तर ते दुकानात पाणी भरून चालवून पाहावे आणि मोटरचा आवाज शांतपणे ऐकावा. रात्री दहा वाजता तोच आवाज शेजाऱ्याच्या भिंतीपलीकडे जाणार आहे. सुटे भाग मुंबईत मिळतात की परदेशाहून यावे लागतात, आणि दुरुस्तीस येणारा माणूस वसईपर्यंत येतो की दहिसरलाच थांबतो, हे पावती करण्यापूर्वी लिहून घ्यावे.