छायाचित्रामागील नावे



अंध गायक-वादकांच्या कुटुंबाचे जुने छायाचित्र पाहताना मनात प्रथम करुणा दाटून येते. परंतु करुणेपाशीच थांबणारा त्या छायाचित्राचे निम्मेच वाचन करतो. एकाच घरातील अनेकांची दृष्टी का गेली आणि त्या सर्वांनी संगीतच का पत्करले, हे दोन प्रश्न त्याने विचारले पाहिजेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर काही घरांत आनुवंशिकतेत सापडते. पण सर्वत्र नव्हे. देवीची साथ, खुपऱ्या आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचा अभाव ही संकटे एका घरातील भावंडांवर मिळूनच येत. भारतातील देवीचा अखेरचा स्थानिक रुग्ण १९७५ साली आढळला. बालकांना ‘अ’ जीवनसत्त्व देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० साली, तर अंधत्व नियंत्रणाचा कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. ज्याला दैव म्हटले गेले, त्यातील बरेचसे टाळता येण्याजोगे होते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शिक्षणात आहे. अक्षराची वाट बंद असली, तरी गुरुमुखातून येणारी विद्या कानाला खुली होती. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांच्या डोळ्यांना बालपणी शोभेच्या दारूने इजा झाली. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांनी विद्या घेतली आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापिले. कर्नाटकातील पंचाक्षरी गवई व त्यांचे बंधू दोघेही जन्मांध होते. पंचाक्षरींनी पुढे गदगच्या आश्रमात अनेक निराधार व अंध मुलांना गायन शिकविले. त्यांचे अंध शिष्य पुट्टराज गवई यांना २०१० साली पद्मभूषण मिळाले. स्वतः ऑर्गनवादक असलेल्या लुई ब्रेल यांनी १८२९ सालच्या ग्रंथात अक्षरांबरोबर स्वरलेखनासाठीही ठिपके योजिले होते.

तथापि संगीत हा एकच दरवाजा उघडा असणे आणि अनेक दारांतून संगीताची निवड करणे, यांत फार मोठे अंतर आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शिक्षण व शासकीय सेवेतील राखीव जागांची तरतूद केली, ती हे अंतर मिटावे म्हणूनच.

किनवट परिसराला ही गोष्ट विशेष जवळची आहे. १९५६ पर्यंत हा तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्याच जिल्ह्यात १९४०च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी गोंडांचा आणि किंगरीच्या साथीने त्यांच्या कुळकथा गाणाऱ्या परधानांचा अभ्यास केला. ज्या समाजाचा इतिहास गायकाच्या कंठात राहतो, तेथे गायकाचे नाव हरपले की इतिहासाचे एक पान हरपते.

म्हणून घराघरांतील अशा जुन्या छायाचित्रांच्या पाठीमागे केवळ ‘अंध गायक’ एवढेच लिहून चालणार नाही. व्यक्तींची नावे, गाव, वाद्य आणि गुरू यांची नोंद जाणती माणसे हयात आहेत तोवर व्हावी. त्यांची गाणी ध्वनिमुद्रित करावीत. ज्यांनी चेहरे पाहिले नाहीत, पण आवाजावरून माणसे ओळखली, त्यांना किमान नावाने ओळखणे हे डोळसांचे कर्तव्य आहे.