ससेक्सचा किनारा आणि सावरकर

चंद्रपूर जिल्ह्यांतील भद्रावती हें गांव समुद्रापासून फार दूर. विजासनचीं लेणीं, भद्रनागाचें मंदिर आणि सभोंवारचें रान हें त्याचें वैभव. वर्धा नदीचें पाणी प्राणहिता व गोदावरी यांच्या वाटेनें बंगालच्या उपसागराला मिळतें, तेवढाच काय तो समुद्राशीं संबंध. असें असूनहि 'सागरास' ही कविता ज्याच्या कानांवरून गेली नाहीं, असा मराठी वाचक अशा गांवींहि विरळाच. विनायक दामोदर सावरकरांना ही कविता स्फुरली ती मात्र कोंकणच्या किनाऱ्यावर नव्हे. ती स्फुरली इंग्लंडच्या दक्षिणेस, ससेक्स परगण्यांतील ब्रायटन येथें.

ब्रायटनचा किनारा वाळूचा नाहीं, गोट्यांचा आहे. हें लंडनकरांचें हवा खाण्याचें ठिकाण. चौथ्या जॉर्जनें युवराज असतां तेथें हिंदी धर्तीच्या घुमटांचा राजवाडा उभारविला. हिंदुस्थानची शोभा उचलून नेणें इंग्रजांना सोपें गेलें. परंतु हिंदुस्थानच्या एका पुत्राला घरीं परतणें त्याच किनाऱ्यावरून दुर्घट झालें.

सावरकर १९०६ सालीं बॅरिस्टर होण्यासाठीं विलायतेस गेले. १९०९ हें वर्ष त्यांना अतिशय कठीण गेलें. जूनमध्यें वडील बंधु बाबाराव यांना जन्मठेपेची शिक्षा झाली. १ जुलैस मदनलाल धिंग्रा यांनीं लंडनमध्यें सर कर्झन वायली यांना गोळी घातली, आणि १७ ऑगस्टला धिंग्रा फांसावर चढले. परीक्षा उत्तीर्ण होऊनहि सावरकरांना बॅरिस्टरीची सनद नाकारण्यांत आली. त्यांचा लहानगा मुलगा प्रभाकर इकडे मरण पावला. अशा मनःस्थितींत ते ब्रायटनला आले. बिपिनचंद्र पाल यांचे चिरंजीव निरंजन पाल त्या वेळीं त्यांच्याजवळ होते. सावरकरांच्या ओठांवर हें गीत आणि डोळ्यांत अश्रु होते, ही आठवण त्यांनींच पुढें लिहून ठेविली.

कवितेंत सागरावर आरोप आहे तो विश्वासघाताचा. नेलेंस तसें परत आणीन, असें वचन देऊन त्यानें तें मोडलें. परक्या राजवाड्यापेक्षां आईची झोपडी प्रिय, हा भाव राजवाड्याच्या गांवींच व्यक्त व्हावा, हा योग विलक्षण होय.

याच परगण्यांत दुसरा एक कवि-राजकारणी राहात होता. विल्फ्रिड स्कॉवेन ब्लंट यांचा जन्म १८४० सालीं ससेक्समध्येंच झाला. १८८३-८४ मध्यें ते हिंदुस्थानांत हिंडले. आयर्लंडच्या चळवळीपायीं १८८८ सालीं त्यांनीं तुरुंगवासहि सोसला. धिंग्रा यांच्या धैर्याची त्यांनीं आपल्या दैनंदिनींत मुक्तकंठानें प्रशंसा केली. ज्या भूमीवर एका कवीला आपण परके आहों असें वाटत होतें, त्याच भूमीच्या एका कविपुत्राला आपल्याच राज्याचा अन्याय दिसत होता. साम्राज्य एक असलें, तरी त्या साम्राज्यांतील माणसें एकाच मनाचीं नव्हतीं.

सागरानें पुढें वचन पाळलें, पण कसें? १३ मार्च १९१० रोजीं सावरकरांना लंडनमध्यें अटक झाली. बोटीवरून त्यांना हिंदुस्थानांत आणीत असतां ८ जुलैस मार्सेय येथें त्यांनीं त्याच सागरांत उडी घेतली. परंतु ते पुनः पकडले गेले. अखेर मातृभूमीचा किनारा दिसला तो बंदिवान म्हणून. पुढें पन्नास वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि १९११ सालीं समुद्रानें त्यांना पुनः दूर, अंदमानास नेलें. तेथून ते परतले ते १९२१ सालीं. पुढें हृदयनाथ मंगेशकर यांनीं चाल दिल्यामुळें ती कविता पुस्तकांतून निघून घरोघरीं गेली.

कवितेच्या अखेरीस कवि सागराला अगस्त्य ऋषींचें स्मरण देतो. समुद्र एका आचमनांत पिऊन टाकणारे हे ऋषि विदर्भाचे जांवई, कारण त्यांची पत्नी लोपामुद्रा ही विदर्भराजाची कन्या, असें महाभारत सांगतें. ससेक्सच्या किनाऱ्यावर एकाकी उभ्या असलेल्या मराठी कवीला समुद्राशीं झुंजण्याचें बळ मिळालें तें असें, ज्या विदर्भाला समुद्रच नाहीं त्या विदर्भाच्या आप्ताकडून. मग भद्रावतीकरांना ती कविता परकी कां वाटावी?