तुकड्यातुकड्यांनी वेस्टवेग
(त्सुफेनहाउझेन येथील कुटुंबमेळाव्यात केलेले भाषण)



फोर्त्सहाइमपासून बाझेलपर्यंत श्वार्त्सवाल्डच्या अरण्यातून जाणारी वेस्टवेग ही पायवाट सुमारे २८५ किलोमीटर लांबीची आहे. १८६४ साली स्थापन झालेल्या श्वार्त्सवाल्ड संघाने ती १९०० साली आखली. पांढऱ्या पाटीवरील तांबडी चौकट हीच तिची खूण. धडधाकट माणूस ही वाट बारा-तेरा दिवसांत पुरी करतो. परंतु आमच्यात पाळीवर जाणारे कामगार आहेत, शाळकरी मुले आहेत, गुडघेदुखीने त्रासलेली वडीलधारी मंडळी आहेत. सलग दोन आठवडे आम्ही आणावेत कोठून? म्हणून आम्ही ती तुकड्यातुकड्यांनी चालत आहोत.

आमचा नियम एकच : प्रत्येक तुकडा रेल्वेस्थानकावर संपावा. त्सुफेनहाउझेनहून एस-५ ने बीटिगहाइम आणि तेथून गाडी बदलून फोर्त्सहाइम. डोबेलपर्यंतचा पहिला टप्पा सुमारे २४ किलोमीटरचा. तो आम्ही एन्त्सकाठच्या नॉयएनब्युर्गला तोडला, कारण तेथे गाडी मिळते. अशा चालण्यास काही जाणकार नाके मुरडतात. मुरडोत बापडे! भाकरी-ठेच्याची शिदोरी सोडून बसलेल्या आमच्या वृद्ध आयांना त्याचे सोयरसुतक नाही.

येथील १९७५ च्या वनकायद्याने विश्रांतीसाठी वनात जाण्याची मुभा प्रत्येकास दिली आहे, मग ते वन खासगी मालकीचे का असेना. १९२४ साली वायकोम येथे मंदिराभोवतालच्या नुसत्या रस्त्यांवरून चालता यावे म्हणून सत्याग्रह करावा लागला होता. ज्यांच्या पूर्वजांना वाटा बंद होत्या, त्यांना 'प्रत्येकास' हा शब्द कोरडा कसा वाटावा? आमच्या मुलांना तो स्वाभाविक वाटतो, याचे आम्हांस समाधान आहे. मात्र वायकोम त्यांना ठाऊक असावे, म्हणून चढणीवर आम्ही ते सांगत असतो. दम लागलेली मुले निमूट ऐकतात, हा वेगळा लाभ.

डोबेलहून फोर्बाखचा टप्पा २६ किलोमीटरचा. होलो डोंगरावरील दलदलीतून फळ्यांची वाट जाते; तेथे मुलांचा हात सोडू नये. पुढे उतार इतका तीव्र, की चढापेक्षा तोच गुडघ्यांना छळतो. काठी अवश्य हवी.

खरा प्रश्न फोर्बाखनंतरचा आहे. तेथून हाउझाखपर्यंत वाट डोंगराच्या कण्यावरून जाते. वाटेत रेल्वे नाही. २६ डिसेंबर १९९९ च्या लोथार वादळाने याच भागातील झाडे आडवी केली होती. २०१४ पासून तेथील काही वन राष्ट्रीय उद्यानात आहे. तरुण म्हणतात, वृद्धांना घरी ठेवून हा भाग उरकू. आम्हांस ते मान्य नाही. पर्वतमार्गावर बस आहे. १९ किलोमीटरचा उंटरस्टमाटपर्यंतचा टप्पा दोन दिवसांत चालावा, मुक्काम झांड येथे करावा आणि सर्वांत सावकाश चालणाऱ्याने पुढे राहावे, असे आम्ही सुचवितो. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी आज जेवणापूर्वी नावे नोंदवावीत.