प्रयोगशाळेच्या दारात
(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी बी.ए., बी.एड. झालेला शिक्षक. प्रयोगशाळा मी बहुतेक दारातूनच पाहिली आहे. तरी हा विषय घेतला, तो आपल्याच शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीमुळे. तिने रसायनशास्त्रात एम.एस्सी. केले आणि आता विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत संशोधन करायचे म्हणते. तिच्या अब्बांनी मला दोन प्रश्न विचारले. "सर, पैसे कधी सुरू होणार? आणि संध्याकाळी सातनंतर तिथे असते कोण?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. नेट परीक्षेतून जेआरएफ मिळाली, तर जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये हा दर आहे. २००९ साली सुरू झालेली मौलाना आझाद फेलोशिप मात्र २०२२-२३ पासून बंद झाली. जुन्या माहितीवर विसंबू नका. जेआरएफ नसेल तर विद्यावेतन मिळणार की नाही, हे आधीच विचारून घ्यावे. त्यात लाज कसली?

दुसऱ्या प्रश्नावर मला कमला भागवत आठवतात. पुढच्या कमला सोहोनी. मुंबईच्या बी.एस्सी. परीक्षेत अव्वल आलेल्या या मुलीला १९३३ साली बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये सर सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. कारण एकच, ती मुलगी होती. ती समोर जाऊन उभी राहिली. तेव्हा वर्षभराच्या अटीवर घेतले : मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करायचे आणि प्रयोगशाळेचे वातावरण बिघडू द्यायचे नाही! अपमान गिळून तिने दूध आणि डाळींतील प्रथिनांवर काम केले. वर्षानंतर तिला रीतसर प्रवेश मिळालाच, इतर मुलींनाही दार उघडले. १९३९ साली ती केंब्रिजची पीएच.डी. झाली.

आपल्या नागपुरात अशी दारे कमी नाहीत. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली उभी राहिलेली तंत्रशास्त्र संस्था आहे, १९५८ पासूनची नीरी आहे. पण दार ठोठवावे लागते. मुलांनो, प्राध्यापकांना "मला संधी द्या" एवढेच लिहू नका. त्यांचा एक तरी शोधनिबंध वाचा, त्यातले काय समजले नाही ते लिहा, आठवड्याचे किती तास देऊ शकता ते लिहा. एक पान पुरे. उत्तर आले नाही तर पंधरा दिवसांनी स्वतः जाऊन भेटा.

आत गेल्यावर पहिले काही महिने काचेची भांडी धुण्यात, वजने घेण्यात आणि वहीत नोंदी करण्यात जातील. फसलेला प्रयोगही तारखेसह लिहायचा; पान फाडायचे नाही. (आमच्या शाळेतल्या प्रयोगवह्या आठवून मलाच ओशाळल्यासारखे होते. उत्तर आधी, प्रयोग नंतर!)

त्या अब्बांना मी म्हटले, "चला, सात वाजता जाऊनच पाहू." गेलो. तीन मुली काम करीत होत्या, एक मुलगा नोंदी उतरवीत होता, दाराशी शिपाई बसला होता. अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग शिपायाजवळ जाऊन त्यांनी विचारले, "भाऊ, सीताबर्डीकडे जाणारी शेवटची बस किती वाजता?"