टपालाने आलेली पुस्तिका



मुरुडचं नाव निघालं की हल्ली लोकांना समुद्र, डॉल्फिन आणि सुरूचं बन आठवतं. मला आज या गावात वाढलेल्या एका माणसाबद्दल बोलायचं आहे, महर्षी धोंडो केशव कर्व्यांबद्दल, म्हणजेच अण्णांबद्दल. त्यातही त्यांच्या एकाच गुणाबद्दल. दुसऱ्याकडून आलेली चांगली कल्पना ते मोकळ्या मनाने घेत, आणि मग ती तडीला नेल्याशिवाय राहत नसत.

1915 सालची गोष्ट. अण्णांकडे टपालाने एक पुस्तिका आली. टोकियोत 1901 साली स्त्रियांसाठी निघालेल्या विद्यापीठाची माहिती तीत होती. अण्णांनी ती चाळली आणि बाजूला ठेवली. हिंगण्याला त्यांनी चालवलेल्या विधवांच्या आश्रमाचा आणि शाळेचा व्याप काही थोडा नव्हता. पण त्याच वर्षअखेर मुंबईत राष्ट्रीय सामाजिक परिषद भरायची होती आणि अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली. भाषणात काय मांडावं याचा विचार करताना ती पुस्तिका आठवली. त्यांनी ती शोधून काढली आणि या वेळी नीट वाचली. मुलींना त्यांच्या मातृभाषेतून उच्च शिक्षण देणारं स्वतंत्र विद्यापीठ आपल्याकडे का असू नये, हा प्रश्न त्यांनी परिषदेपुढे ठेवला. पुढच्याच वर्षी, 1916 साली, ते विद्यापीठ सुरू झालं. अण्णांचं वय तेव्हा अठ्ठावन्न होतं. त्या वयात आपण निवृत्तीचे हिशोब करतो.

कल्पना हुशार माणसांनाच सुचतात आणि ती आपली कामं नव्हेत, असं म्हणून आपण मोकळे होतो. अण्णांकडे पाहिलं की हे म्हणणं टिकत नाही. विधवांना आश्रय आणि शिक्षण देण्याचं काम पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाने आधीच सुरू केलं होतं. तिथल्याच विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी अण्णांनी 1893 साली पुनर्विवाह केला. मुरुडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला, त्याची झळ घरच्यांनाही लागली. अण्णांनी पुनर्विवाहाला उत्तेजन देणारी मंडळीही काढली. मात्र थोड्याच काळात त्यांना दिसून आलं की पुनर्विवाहाला तयार होणाऱ्या बायका मोजक्याच, आणि बाकीच्यांचं दुःख आहे तिथेच आहे. त्यांना आधी शिक्षण हवं, स्वतःच्या पायावर उभं राहता यायला हवं. मग 1896 साली त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी काढली. ज्या कामासाठी गावाचा रोष पत्करला, त्याच्या मर्यादा इतक्या लवकर ओळखणं मला फार मोठं वाटतं. आपल्याच कल्पनेच्या प्रेमात पडलेल्या माणसाला ते जमत नाही.

1900 साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. जमीन रावबहादूर गोखल्यांनी दिलेली, आसपास माळरान, आणि इमारत म्हणाल तर एक झोपडी. फर्ग्युसन कॉलेजात दिवसभर गणित शिकवायचं आणि संध्याकाळी आश्रमाला लागणाऱ्या वस्तू घेऊन पायी हिंगणं गाठायचं, हा अण्णांचा क्रम होता. पावसाळ्यात ती वाट चिखलाची. त्यांच्या मेव्हणी पार्वतीबाई आठवले आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव फिरल्या, पुढे त्याच कामासाठी अमेरिकेपर्यंत गेल्या. एकाच्या डोक्यातली गोष्ट अशी अनेकांच्या पायांनी चालू लागते.

पायी चालण्याची सवय अण्णांना मुरुडपासूनची. 1875 साली परीक्षेसाठी ते भर पावसात कुंभार्ली घाट चढून साताऱ्याला चालत गेले. वाट शंभर मैलांच्या वर. तिथे पोचल्यावर परीक्षकांनी सांगितलं, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस, आणि परीक्षेला बसू दिलं नाही. मुलगा परत आला आणि नंतर कोल्हापूरला जाऊन तीच परीक्षा उतरला. सार्वजनिक कामाची ओढ लावली ती मुरुडच्या शाळेतल्या सोमण मास्तरांनी. गावच्या कामांसाठी अण्णांनी पुढे 'मुरुड फंड' उभा केला. थोडी थोडी वर्गणी गोळा करायची, हिशोब चोख ठेवायचा, हे शिक्षण तिथलं.

तेच शिक्षण विद्यापीठाच्या वेळी कामाला आलं. सुरुवातीला विद्यार्थिनी बोटांवर मोजण्याइतक्या. कित्येक विद्वानांना हा खटाटोप अव्यवहारी वाटला. गांधीजींना मातृभाषेतून शिक्षण पसंत होतं, पण इंग्रजी सक्तीचा विषय असावा हे पटत नव्हतं. अण्णांनी आपलं मत सोडलं नाही. मतभेद राहूनही गांधीजींनी वर्षाला दहा रुपये वर्गणी कबूल केली. अशा दहा-दहा रुपयांवर चाललेल्या संस्थेला 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचं नाव विद्यापीठाला मिळालं. तेच आजचं एसएनडीटी. कायद्याची मान्यता स्वातंत्र्यानंतर आली. मधल्या सगळ्या वर्षांत मान्यता नाही म्हणून काम थांबलं नव्हतं. जगप्रवासात अण्णा टोकियोलाही जाऊन आले आणि पुस्तिकेतलं ते विद्यापीठ त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

आज मुरुडमध्ये, आंजर्ल्यात, कर्द्यात तरुण मुलंमुली नवं काही करू पाहतात. कुणाला गावात वाचनालय हवंय, कुणाला किनारा स्वच्छ ठेवण्याची रीत बसवायची आहे, कुणाला कोकमाचा लहानसा कारखाना काढायचा आहे. त्यांना माझं सांगणं आहे, कल्पना कुठून आली याचा संकोच करू नका. वहीत लिहून ठेवा, हिशोब मांडा आणि येत्या ग्रामसभेत उभं राहून बोला. आणि वडीलधाऱ्यांनो, याच गावाने एकदा आपल्या सर्वांत मोठ्या माणसाला वाळीत टाकलं होतं. तेव्हा पोर बोलायला उठलं तर त्याला खाली बसवू नका. त्याचं शेवटपर्यंत ऐका, आणि जमेल तेवढी पहिली वर्गणी तुम्हीच द्या.