शेजाऱ्याच्या गॅरेजमधली लांब गाडी

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कमिटीने मला विषय दिला होता 'सोसायटीची पहिली पाच वर्षे'. मी पहिला खजिनदार, म्हणून. पण पाण्याचे टँकर, लिफ्टचं प्रकरण आणि कन्व्हेयन्स यांवर आत्ताच तिघे बोलून गेले, आणि माझ्यापेक्षा चांगलं बोलले. तेव्हा मी एकच आठवण सांगतो आणि मग तुम्हाला थोडा वेळ अमेरिकेत नेतो. तिथून परत आपल्या पार्किंगमध्येच यायचं आहे, काळजी नसावी.

जुन्या मंडळींना २००३ सालची नोटीस आठवत असेल. 'पार्किंगच्या जागेत वाहनांची दुरुस्ती वा तत्सम कामे करू नयेत. दंड रु. १००.' मसुदा माझाच. 'तत्सम' हा शब्द बँकेतून आणलेला. त्या नोटिशीखालची पहिली पावती मी फाडली ती आमच्याच चिरंजीवांच्या नावावर. तो तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. कुठूनशी एक बंद पडलेली येझदी त्याने दीड हजाराला आणली आणि वर्तमानपत्रं अंथरून तिचं इंजिन पार्किंगमध्ये उघडलं. तेलावरून एक सभासद घसरले. लागलं नाही, पण तक्रार आली. मी पावती फाडली, शंभर रुपये माझ्या खिशातून भरले, आणि पुढच्या आठवड्यात तो कॉलेजला गेलेला असताना सगळे भाग पोत्यात भरून भंगारवाल्याला किलोवर दिले. मुलगा काही बोलला नाही. आठ दिवस माझ्या पंगतीला बसला नाही, एवढंच. मी समजलो, विषय संपला.

आता अमेरिका. मुलगा कॅलिफोर्नियात बेकर्सफील्ड नावाच्या गावी असतो. तेलविहिरींचा मुलूख, बाजूला संत्र्यांच्या आणि बदामांच्या बागा, हिवाळ्यात धुकं इतकं की समोरचं घर दिसत नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही उभयता सहा महिने तिथे होतो. पोचल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी शेजारच्या गॅरेजचं दार उघडं दिसलं. आत एक सांगाडा. पुढे सायकलला शोभतील अशी दोन बारीक चाकं, मागे पिंपाएवढी दोन जाड, आणि दोहोंमध्ये साडेचौदा फूट अंतर. मी सौ.ला म्हटलं, "हे विमान असावं." ती म्हणाली, "पंख कुठे आहेत?"

ती होती ड्रॅगस्टर. सरळ रेषेत शर्यत मारायची गाडी. ही शर्यत म्हणजे दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की सुटायचं, पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. आपल्या गेटपासून दत्तमंदिराच्या चौकापर्यंत साधारण तेवढंच. वळण नाही, काही नाही. हे अंतर नऊ सेकंदांच्या आत कापायचं हे शेजाऱ्यांचं उद्दिष्ट. आपल्याला तेवढं अंतर रिक्षाने जायला किती वेळ लागतो ते आपण जाणताच.

शेजारी निवृत्त शिक्षक. शाळेत मुलांना वेल्डिंग आणि मोटारदुरुस्ती शिकवायचे. (तिकडे शाळेत हा विषय असतो. आमच्या शाळेत हस्तव्यवसाय म्हणून टकळी होती.) त्यांनी ही गाडी चार वर्षं घरीच बांधत आणली होती. गॅरेजभर एक लांब पोलादी टेबल, पाणसळीने अगदी सपाट केलेलं. त्यावर क्रोमोली नावाच्या मिश्र पोलादाचे पाइप ठेवून आधी नुसते टाके मारायचे, माप घ्यायचं, परत माप घ्यायचं, मगच पूर्ण वेल्डिंग. इंजिन एका जुन्या शेव्हरोले पिकअपचं, आठ सिलिंडरचं, ३५० घनइंच, म्हणजे ५.७ लिटर. इंधन पेट्रोल नव्हे, मिथेनॉल. मागचा अ‍ॅक्सल जुन्या फोर्डचा, दोन्हीकडून कापून अरुंद केलेला आणि थेट सांगाड्याला बोल्टने आवळलेला, मध्ये स्प्रिंग वगैरे काही नाही. पुढच्या चाकांना ब्रेकच नाहीत. थांबायचं ते मागच्या ब्रेकवर आणि पॅराशूटवर.

आणि बसायची जागा! इंजिन पुढे, त्यामागे गिअरबॉक्स, त्यामागे अ‍ॅक्सल, आणि चालक त्याच्याही मागे, अ‍ॅक्सलवरून दोन्ही पाय पुढे टाकून. बेचकीच्या रबरात खडा धरतात तसा. म्हणूनच या जातीच्या गाड्यांना तिकडे 'स्लिंगशॉट' म्हणजे बेचकी म्हणतात. वजन मागच्या चाकांवर यावं म्हणून ही युक्ती. १९५४ च्या सुमारास मिकी थॉम्पसन यांनी ती आणली असं मानतात. पुढची पंधराएक वर्षं सगळे तसेच बसले. जास्त ताकद हवी तर ट्रक-बसच्या डिझेल इंजिनावरचा हवा कोंबणारा ब्लोअर काढून शर्यतीच्या इंजिनावर बसवायचे. त्याचं नाव '६-७१'. सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घनइंच. नावातच हिशोब, मला फार आवडलं.

पण या बसण्यात एक मोठी खोट आहे. गिअरबॉक्स किंवा क्लच फुटला तर तो चालकाच्या दोन पायांमध्ये फुटतो. इंजिन पेटलं तर ज्वाळा थेट तोंडावर. ८ मार्च १९७० रोजी लाँग बीचजवळच्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर डॉन गार्लिट्स या त्या काळच्या सर्वांत नामांकित चालकाचा गिअरबॉक्स सुटतानाच फुटला, गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्यांच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. ते बरे झाले आणि त्यांनी इंजिन पाठीमागे असलेली गाडी बांधली. तशा गाड्या आधीही होत्या, पण त्या सरळ जात नसत. यांनी स्टीअरिंग मंद केलं, म्हणजे चाक जास्त फिरवलं तरी गाडी थोडीच वळेल असं, आणि १९७१ ला पोमोना इथली मोठी स्पर्धा जिंकली. दोन-तीन वर्षांत पुढे इंजिनवाल्या गाड्या वरच्या दर्जाच्या शर्यतींतून दिसेनाशा झाल्या.

मी शेजाऱ्यांना विचारलं, मग ही खोट असलेली गाडी तुम्ही मुद्दाम का बांधताय? ते म्हणाले, "मागे इंजिनवाली चांगलीच. पण अकरा वर्षांचा असताना वडिलांनी मला फमोसोला नेलं, तेव्हा ही पाहिली." फमोसो म्हणजे बेकर्सफील्डजवळची धावपट्टी, दुसऱ्या महायुद्धातल्या एका विमानतळाची. १९५९ पासून तिथे मार्चमध्ये मोठी शर्यत भरते, आणि जुन्या पद्धतीच्या गाड्या आजही तिथे धावतात. मला हे उत्तर तेव्हा पटलं नाही. कर्जाच्या अर्जावर कुणी असं कारण लिहिलं असतं तर मी अर्ज परत पाठवला असता.

तर या गॅरेजमध्ये रोज संध्याकाळी कोण? आमचे चिरंजीव. मला ठाऊकच नव्हतं. दोन वर्षं ते मदतीला जात होते. हात काळे, नखांत ग्रीस. मी दारात खुर्ची टाकून बसू लागलो. हातात पाना धरायची अक्कल नाही, म्हणून शेजाऱ्यांच्या पावत्यांची खोकी मागून घेतली आणि हिशोब लिहून काढला. २१२ नोंदी निघाल्या. त्यात पाव हिश्श्याहून जास्त खर्च अशा वस्तूंवर होता, ज्यांनी गाडी तसूभरही जोरात पळणार नव्हती. डोक्याभोवतीचा पिंजरा, न पेटणारा पोशाख, पॅराशूट, गिअरबॉक्सभोवतीचं पोलादी कवच. पट्ट्यांना तर दोन वर्षांची मुदत, मुदत संपली की वापरल्या असोत-नसोत, बदला. सांगाडा तपासायला माणूस आला, त्याने यंत्र लावून पाइपांची जाडी मोजली आणि क्रमांकाचा स्टिकर चिकटवला, तोही मुदतीचा. त्या दिवशी मला त्या गाडीविषयी पहिल्यांदा आदर वाटला.

मग मी सुचवलं की बँकेत जसा एक नोंद करतो आणि दुसरा तपासून सही करतो, तसं इथे प्रत्येक बोल्टचं करावं. शेजारी हसले. म्हणाले, "ठीक आहे, बँकर." वही मी घातली. बोल्ट कुठला, किती जोराने आवळला, आवळणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही.

परवान्यासाठी एक परीक्षा असते. गाडीत बसवून डोळ्यांवर पट्टी बांधतात आणि एकेक नाव पुकारतात, चालकाने चाचपडत न बसता हात तिथे न्यायचा. तिची रंगीत तालीम गॅरेजमध्ये मी घेतली. "इंधन बंद! पॅराशूट! ब्रेक! आगीची बाटली!" एकोणसत्तर वर्षांचा माणूस, डोळे बांधलेले, आणि हात एकदाही चुकला नाही. सौ. चहा घेऊन आली ती दारातच थांबली.

पहिल्या चाचणीच्या आदल्या रात्री वही चाळताना एक जागा कोरी दिसली. गिअरबॉक्सच्या कवचाचे बोल्ट. आवळल्याची सही मुलाची होती, तपासल्याची नव्हती. शेजारी म्हणाले, मी पाहिलेत. कधी पाहिले ते आठवेना. मुलगा म्हणाला, "बाबा, मी स्वतः आवळलेत." मी म्हटलं, सही नाही. रात्रीचे दहा वाजलेले, बाहेर धुकं, आणि ते बघायचं तर सीट आणि खालचा पत्रा काढायला हवा. मुलाचा आवाज चढला. "तुम्ही पावती फाडल्याशिवाय सोडणार नाही, ना?" मराठीत म्हणाला, म्हणून शेजाऱ्यांना कळलं नाही. मला कळलं. वीस वर्षांत त्या विषयावर बोललेलं हे पहिलं वाक्य.

मी वही मिटली नाही. शेजाऱ्यांनी आमच्या दोघांकडे पाहिलं आणि मुकाट्याने सीटचे बोल्ट सोडायला घेतले. दोन तास लागले. कवचाचे सगळे बोल्ट घट्टच होते, एकही सैल नव्हता. शेजाऱ्यांनी सही केली, खाली तारीख घातली. मुलाने पत्रा परत बसवला. घरी येताना अंगणात मी त्याला म्हटलं, "येझदी द्यायला नको होती." तो म्हणाला, "सिलेंडरचं बोअरिंग करून आणलं होतं मी तिचं. पैसे पुरवून पुरवून." आणि आत गेला.

दुसऱ्या दिवशी फमोसोला धुकं उठायला अकरा वाजले. शेजाऱ्यांच्या पत्नी गाडीत काचा वर करून, धावपट्टीकडे पाठ करून बसल्या होत्या. आमच्या सौ. त्यांच्याजवळ डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन. पहिल्याच दिवशी पूर्ण अंतर मारायचं नाही असा तिथला शिरस्ता. आधी थोडं, मग निम्मं. निम्मं झालं, पॅराशूट उघडलं, गाडी थांबली. आवाज कानात नाही, छातीत ऐकू येतो. पूर्ण पाव मैल आम्ही परत आल्यावर झाला, त्याचा व्हिडिओ मुलाने पाठवला: ८.९४ सेकंद. सोबत वहीच्या पानाचा फोटो. दोन्ही सह्या जागेवर.

आता पार्किंग. येत्या वार्षिक सभेत मी एक ठराव मांडणार आहे. पंपरूमच्या मागची बारा बाय दहाची मोकळी जागा सभासदांच्या मुलामुलींना आपली वाहनं उघडायला द्यावी. खाली तेलासाठी पत्र्याचा ट्रे, भिंतीला आग विझवण्याची बाटली, आणि एक वही. २००३ ची नोटीस तेवढ्या जागेपुरती रद्द समजावी. सूचक म्हणून माझी सही झाली आहे. अनुमोदकाची जागा कोरी आहे, आणि कागद माझ्या खिशात आहे.